कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणि आपली जनुकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे वाचून कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये किंवा बदलू नये. जनुकांबद्दल चार ओळी वाचल्या की बऱ्याच जणांना वाटायला लागतं, ‘आपल्याला ही गोळी मानवतच नसणार’, आणि स्ट्रिप कपाटात जाते. जनुकांचा परिणाम खरा आहे, पण तो कुठे मोठा आहे आणि कुठे किरकोळ, हे नीट समजून घ्यायला हवं.

स्टॅटिन शरीरात नेमकं काय करतं?

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचा एक गट; अॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे त्यातलीच. आपण खातो त्यापेक्षा जास्त कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. ते तयार होताना एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. स्टॅटिन त्या एन्झाइमला अडवतं. यकृताच्या पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडू लागतं, मग ती आपल्या पृष्ठभागावर एलडीएल (म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) पकडणारे रिसेप्टर वाढवते आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेते. रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा उतरतो तो मुख्यतः या वाढलेल्या रिसेप्टरांमुळे. हे लक्षात असू द्या, आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या प्रश्नात तेच कामाला येणार आहे.

या औषधाची सुरुवात जपानमध्ये झाली. सांक्यो कंपनीतले अकिरा एन्डो यांनी सुमारे ६००० बुरशी तपासल्या आणि १९७३ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीतून कॉम्पॅक्टिन हे पहिलं स्टॅटिन शोधलं. १९७८ मध्ये ओसाकात डॉ. अकिरा यामामोटो यांनी ते १८ वर्षांच्या एका मुलीला दिलं. तिचं कोलेस्टेरॉल जन्मजातच १०००च्या घरात होतं. ते थोडं उतरलं, पण स्नायूंत अशक्तपणा आला आणि डोस कमी करावा लागला. औषध कोणाला कमी लागू पडतं आणि कोणाच्या स्नायूंना त्रास होतो, हे आजही विचारले जाणारे दोन्ही प्रश्न त्या पहिल्याच रुग्णात दिसले होते. बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन म्हणजे लोव्हास्टॅटिन. त्याला अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली.

शेजाऱ्यांचं एलडीएल त्याच गोळीने अर्ध्यावर आलं, माझं जेमतेम कमी झालं. जनुकांमुळे का?

शक्यता आहे, पण ती यादीत बरीच खाली आहे. आधी साधी कारणं तपासा.

पहिलं म्हणजे गोळी खरंच रोज घेतली जाते का. ‘रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मध्ये बंद केली होती’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की कोणताही महागडा तपास सुचवण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी जातो.

दुसरं, तुमची आणि शेजाऱ्यांची गोळी खरंच एक आहे का? नाव एक असलं तरी डोस वेगळा असू शकतो. अॅटोरव्हास्टॅटिन १० किंवा २० मिलीग्रॅम आणि रोसुव्हास्टॅटिन ५ किंवा १० मिलीग्रॅम साधारण ३० ते ४९ टक्के एलडीएल उतरवतात. निम्मं किंवा त्याहून जास्त उतरवायचं तर अॅटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० लागतं. शिवाय डोस दुप्पट केला म्हणजे परिणाम दुप्पट होत नाही. प्रत्येक दुपटीला आणखी साधारण ६ टक्केच घट मिळते. म्हणूनच डॉक्टर काही वेळा डोस न वाढवता दुसरं औषध जोडतात.

तिसरं, थायरॉइड. थायरॉइडचं काम मंदावलं असेल तर एलडीएल वाढलेलं राहतं आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

चौथं, घट मोजायची कशी हे पुष्कळांना सांगितलेलंच नसतं. गोळी सुरू करण्यापूर्वीचा रिपोर्ट शोधा. त्यातलं एलडीएल १८० असेल आणि दोन-तीन महिन्यांनी १२६ आलं असेल तर ५४ने कमी झालं, म्हणजे ३० टक्के. १८०चं ९० झालं तर ५० टक्के. लॅबने आकड्यापुढे ‘हाय’ छापलं म्हणून औषध निकामी ठरत नाही आणि ‘नॉर्मल’ छापलं म्हणून तुमच्यासाठी ते पुरेसं आहे असंही नाही. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसला आहे त्यांच्यासाठी लिपिड असोसिएशन ऑफ इंडियाने एलडीएल ५०च्या खाली ठेवायला सांगितलं आहे. लॅबच्या कागदावरची सर्वसाधारण मर्यादा याच्या बरीच वर असते.

हे सगळं ठीक असूनही घट अपेक्षेपेक्षा फार कमी असेल, तर जनुकांकडे वळायला अर्थ आहे.

परिणाम कमी-जास्त करणारी जनुकं कोणती?

एपीओई हे त्यातलं सर्वांत परिचित. त्याचे ई२, ई३ आणि ई४ असे तीन प्रकार. ई२ असलेल्यांचं एलडीएल स्टॅटिनने थोडं जास्त उतरतं, ई४ असलेल्यांचं थोडं कमी. हा फरक शेकडो-हजारो लोकांची सरासरी काढली की स्पष्ट दिसतो, पण एका माणसाचा डोस ठरवण्याइतका मोठा नसतो. ई४चा संबंध उतारवयातल्या अल्झायमरशीही आहे. कोलेस्टेरॉलच्या निमित्ताने एपीओई तपासलं तर ज्याची तयारी नव्हती अशी माहितीही हातात पडते. एवढ्यासाठी ही चाचणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं जनुक एलपीए. त्यावर लिपोप्रोटीन-ए नावाच्या कणाचं रक्तातलं प्रमाण ठरतं. हा कण एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहतो आणि लॅबच्या एलडीएलच्या आकड्यात त्याचंही कोलेस्टेरॉल मोजलं जातं. स्टॅटिन मात्र त्याला कमी करत नाही. म्हणून लिपोप्रोटीन-ए जास्त असलेल्या माणसात ‘औषध लागू पडत नाही’ असं भासतं.

इथे जनुक तपासायची गरजच नाही. रक्तातलं लिपोप्रोटीन-ए सरळ मोजता येतं आणि ते बहुतांशी जन्मतःच ठरलेलं असल्याने आयुष्यात एकदा मोजलं तरी सहसा पुरतं. ५० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर धोका वाढलेला धरतात. भारतीयांमध्ये साधारण दर चौथ्या माणसात ते वाढलेलं आढळतं. वडिलांना किंवा काकांना पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर पुढच्या लिपिड प्रोफाइलबरोबर ही तपासणी मागून घ्या.

स्टॅटिनने पाय दुखतात, तेही आनुवंशिक असतं म्हणे?

जनुक आणि औषध यांचा संबंध इथे सर्वांत पक्का सापडला आहे. एसएलसीओ१बी१ हे जनुक यकृताच्या पेशीवरचं एक वाहक प्रथिन बनवतं. रक्तातलं स्टॅटिन उचलून यकृतात नेणं हे त्याचं एक काम. या जनुकात ५२१व्या जागी टी ऐवजी सी हे अक्षर असेल तर वाहक मंदावतो, औषध यकृताऐवजी रक्तात जास्त रेंगाळतं आणि स्नायूंपर्यंत जास्त पोहोचतं.

हे २००८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. ‘सर्च’ या चाचणीत सुमारे १२,००० लोक होते आणि त्यातले निम्मे रोज ८० मिलीग्रॅम सिमव्हास्टॅटिन घेत होते. स्नायूंचा गंभीर त्रास झालेल्या ८५ जणांची त्रास न झालेल्या ९० जणांशी तुलना केली, तेव्हा सगळ्या गुणसूत्रांवरून नेमकी हीच एक जागा उठून दिसली. प्रत्येकात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. बदलाची एक प्रत असलेल्यांत धोका साडेचारपट, दोन्ही प्रती असलेल्यांत जवळजवळ १७ पट. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सिमव्हास्टॅटिन ८० मिलीग्रॅम नव्या रुग्णांना देऊ नये असं सांगितलं.

आता हे आकडे आपल्याकडे लावून पाहा. ८० मिलीग्रॅम सिमव्हास्टॅटिन इथे क्वचितच कोणी लिहून देतं. इथे चालतात अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन, आणि त्यांच्यावर या बदलाचा परिणाम बराच कमी होतो. शिवाय हा बदल भारतीय उपखंडात युरोपपेक्षा कमी लोकांत आढळतो. त्यामुळे आपल्याकडे पाय दुखणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या दुखण्याचं मूळ या जनुकात नाही.

मग दुखतं कशाने? माझं दुखणं खोटं तर नाही ना!

खोटं मुळीच नाही. प्रश्न एवढाच की कारण गोळी आहे का.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये एक सुंदर प्रयोग झाला. त्याचं नाव सॅमसन, निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बाटल्या दिल्या : चार महिने खरी गोळी, चार महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, चार महिने रिकामी बाटली, आणि हे सगळं उलटसुलट क्रमाने. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे त्रास वाढला तो गोळी घेतो आहोत या जाणिवेने, आतल्या औषधाचा वाटा फार थोडा. दुखत होतं ते खरंच दुखत होतं. आपापले आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. या प्रयोगाचं मला सर्वांत पटतं ते हेच की रुग्णाला खोटं न पाडता त्याचीच नोंद त्याच्यापुढे ठेवली.

घरी याची साधी आवृत्ती डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येते. काही आठवडे गोळी थांबवायची, दुखणं वहीत लिहायचं, पुन्हा सुरू करायची, पुन्हा लिहायचं. गोळी बंद असतानाही गुडघा तेवढाच दुखत असेल तर गुडघ्याचा डॉक्टर गाठा.

धोक्याचं दुखणं कसं ओळखायचं?

दोन्ही मांड्या, दंड किंवा खांदे दुखतात, बसलेल्या जागेवरून हात न टेकता उठता येत नाही, जिना चढताना पाय साथ देत नाहीत आणि लघवी काळ्या चहासारखी होते. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासतात आणि ते नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल तर औषध बंदच ठेवतात. असं फार क्वचित होतं.

याहूनही दुर्मीळ एक प्रकार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती त्या एचएमजी-कोए रिडक्टेजवरच उलटते आणि औषध बंद केल्यावरही अशक्तपणा वाढत राहतो. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांचा एक विशिष्ट प्रकार असलेल्या लोकांत हा धोका जास्त असतो. स्टॅटिन थांबवूनही ताकद परत येत नसेल तर ‘जाईल हळूहळू’ म्हणून थांबू नका.

मुलगा अमेरिकेत असतो. तिथले डॉक्टर म्हणाले, आशियाई असाल तर रोसुव्हास्टॅटिन ५पासूनच सुरू करू. का?

रोसुव्हास्टॅटिनचा तोच डोस घेतल्यावर आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात औषधाचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा सरासरी जास्त आढळलं. चिनी लोकांत दुपटीहून थोडं जास्त, भारतीय वंशाच्या लोकांत साधारण दीडपट. त्यावरून अमेरिकेत ५ मिलीग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात आणि ब्रिटनमध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांना ४० मिलीग्रॅम देतच नाहीत.

यामागे एबीसीजी२ नावाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे. औषध आतड्यात आणि पित्तात परत टाकणारं प्रथिन त्यावरून बनतं. त्याचा मंद प्रकार पूर्व आशियात खूप आढळतो, तर भारतीयांमध्ये त्याचं प्रमाण युरोपीय लोकांच्या आसपास आहे. म्हणून टोकियो आणि सातारा यांना ‘आशियाई’ या एकाच शब्दात बसवणं ढोबळच आहे. तरी मुलाच्या डॉक्टरांनी ५पासून सुरुवात केली तर त्यात काही वावगं नाही. एलडीएल पुरेसं उतरलं नाही तर डोस वाढवता येतो.

जाता जाता : याच जनुकाच्या मंद प्रकाराने यूरिक अॅसिडही वाढतं. घरात गाऊटची परंपरा असेल तर डॉक्टरांना सांगा.

मी बारीक आहे, शाकाहारी आहे, तूपसुद्धा मोजून खाते. तरी एलडीएल २१०! कसं शक्य आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मला हाताला धरून बसवावंसं वाटतं, कारण या सबंध विषयात जनुकांचं महत्त्व सर्वांत जास्त आहे ते इथे.

उपचार सुरू नसताना एलडीएल १९०च्या वर असेल तर आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल, डॉक्टरांच्या बोलीत एफएच, याचा विचार व्हायलाच हवा. यात बहुतेक वेळा एलडीएल रिसेप्टर बनवणाऱ्या एलडीएलआर या जनुकात दोष असतो. काही कुटुंबांत एपीओबी किंवा पीसीएसके९ या जनुकांत. पेशीवर रिसेप्टरच निम्मे असल्याने एलडीएल जन्मापासून रक्तात साचत राहतं. खाण्यापिण्याने त्यात थोडाच फरक पडतो. यात तुमच्या पथ्याचा काही दोष नाही, आणि पथ्य कडक करून हा आकडा १००वर येणारही नाही.

रिसेप्टरचं हे गूढ अमेरिकेत डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशाच कुटुंबांतल्या मुलांच्या पेशी अभ्यासून उलगडलं. त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं.

जगात साधारण दर २५० ते ३०० माणसांमागे एकाला हा दोष असतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. ३००ला एक धरलं तरी एकट्या महाराष्ट्रात साडेतीन लाखांच्या वर माणसं होतात. त्यांतल्या बहुतेकांना याची कल्पनाही नसते.

घरच्या घरी पाहता येतील अशा दोन-तीन खुणा आहेत. पायाच्या टाचेमागे जी जाड दोरीसारखी शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी) लागते, ती चिमटीत धरून पाहा. ती गाठाळ किंवा नेहमीपेक्षा जाड वाटते का? हाताची मूठ वळली की बोटांच्या मागच्या शिरांवर टणक गाठी दिसतात का? पंचेचाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढुरकं कडं आलं आहे का? पापण्यांजवळचे पिवळे चट्टे या दोषाशिवायही येतात, पण दिसले तर लिपिड प्रोफाइल करून घ्या. आणि या खुणा नाहीत म्हणून एफएच नाही असंही समजू नका.

अशा लोकांत स्टॅटिन चालतं का? चालतं. दोन प्रतींपैकी एक चांगली असेल तर यकृत त्या चांगल्या प्रतीवरून रिसेप्टर वाढवू शकतं. टक्क्यांत घट इतरांसारखीच मिळते, पण सुरुवातच उंचावरून असल्याने एका गोळीने भागत नाही. दोन्ही प्रती सदोष असतील तर वाढवायला चांगले रिसेप्टरच उरत नाहीत आणि स्टॅटिनचा परिणाम फारच तोकडा पडतो. यामामोटोंनी औषध दिलेल्या त्या मुलीचं असंच झालं होतं. अशा मुलांना कोपरांवर, गुडघ्यांवर लहानपणीच पिवळट गाठी येतात, एलडीएल बहुधा ४०० ते ५००च्या वर असतं आणि उपचार न झाल्यास किशोरवयातही हार्ट अटॅक येऊ शकतो.

दक्षिण महाराष्ट्रात आणि इतरही काही भागांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अजून आहे. एकाच घराण्यातला सदोष जनुक दोघांकडेही आलेला असेल तर प्रत्येक अपत्याला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता चारात एक. ज्या घरात तरुणपणी अटॅकने माणसं गेली आहेत तिथे असं स्थळ जुळवताना दोन्हीकडची लिपिड प्रोफाइल पाहणं पत्रिकेपेक्षा जास्त गरजेचं आहे.

मला एफएच निघालं. घरात कोणाकोणाची तपासणी करू?

आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं. यांतल्या प्रत्येकाला तो दोष असण्याची शक्यता साधारण निम्मी. ज्याच्यात निघेल त्याच्या मुलांपर्यंत पुढे जायचं, आणि आईकडून आला असेल तर मामा-मावश्यांकडे, वडिलांकडून असेल तर काका-आत्यांकडे. नेदरलँड्सने १९९४ ते २०१३ या काळात अशी देशभर शोधमोहीम राबवली होती. आपल्याकडे तशी यंत्रणा नाही, पण कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. ‘माझं एलडीएल २१० आलं, डॉक्टर म्हणतात हे घराण्यातलं असू शकतं, सगळ्यांनी एकदा लिपिड प्रोफाइल करा’ एवढा निरोप पुरे. यासाठी जनुक चाचणी लागतेच असं नाही, साध्या रक्ततपासणीवरही काम पुढे सरकतं.

लहान मुलांनाही गोळ्या?

एफएच असलेल्या मुलांना साधारण ८ ते १० वर्षांच्या वयापासून स्टॅटिन देतात. अर्थात बालरोग किंवा लिपिड तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. ऐकूनच आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो, म्हणून एक अभ्यास सांगते. ॲमस्टरडॅममध्ये अशा २१४ मुलांना लहानपणी औषध सुरू झालं आणि २० वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या १ टक्क्याला हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा आजार झाला होता. त्यांच्या ज्या पालकांत हाच दोष होता पण लहानपणी औषध मिळालं नव्हतं, त्यांच्यात त्याच वयापर्यंत २६ टक्के. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

जनुक चाचणी करून घ्यावी का? लॅबचं पॅकेज आलं आहे.

दोन वेगळ्या चाचण्या एकाच नावाखाली विकल्या जातात.

एफएचसाठी एलडीएलआर, एपीओबी, पीसीएसके९ तपासणं : एलडीएल खूप जास्त असेल, घरात लहान वयात अटॅक असतील, तर उपयोगाचं. एकाचा दोष नेमका सापडला की बाकीच्या घराला तेवढीच एक जागा तपासली की झालं. पण निकाल ‘काही सापडलं नाही’ असा आला तरी एलडीएल २१० आहे ते आहेच, उपचार थांबत नाहीत. ‘अर्थ अनिश्चित’ अशा शेऱ्याचा बदलही निघू शकतो. त्यामुळे चाचणीच्या आधी आणि नंतर जनुक-समुपदेशकाशी बोलणं होईल अशाच ठिकाणी जा.

औषधाला प्रतिसाद सांगणारं पॅनेल : एसएलसीओ१बी१, एबीसीजी२, सीवायपी२सी९ या तिघांसाठी स्टॅटिनचे डोस सुचवणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली. आधीच रिपोर्ट हातात असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. निव्वळ स्टॅटिन सुरू करायचं म्हणून हजारो रुपये घालून ते करायला मात्र मी सांगणार नाही. गोळी सुरू करून सहा ते बारा आठवड्यांनी केलेलं लिपिड प्रोफाइल तुमच्या सगळ्या जनुकांचा एकत्रित निकाल काही शे रुपयांत सांगतं.

सावध राहायला एक कारणही आहे. केआयएफ६ नावाच्या जनुकावरून स्टॅटिनचा फायदा कोणाला होईल हे कळतं असा दावा झाला, चाचणी विकली गेली, लाखोंनी ती केली. मग १८,०००हून अधिक लोकांच्या ब्रिटिश अभ्यासात तपासलं, तर या जनुकाचा कोणताही प्रकार असला तरी फायदा सारखाच. २०११ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने त्या चाचणीला मंजुरी नाकारली.

जनुकांपेक्षा मोठा गोंधळ दुसऱ्या औषधांनी होतो का?

हो, आणि याबद्दल लोक कमी विचारतात. अॅटोरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन यांचा निचरा सीवायपी३ए४ या एन्झाइममार्फत होतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, रक्तदाबावरची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही औषधं या एन्झाइमला अडवतात आणि रक्तातलं स्टॅटिन वाढतं. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे चालतं. त्वचेच्या डॉक्टरांना आपली स्टॅटिनची गोळी सांगायचं कोणाच्या लक्षातही येत नाही. सांगा. २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन जगभरातून मागे घ्यावं लागलं. त्यात ते जेमफायब्रोझिल या रक्तातली चरबी कमी करणाऱ्या औषधाबरोबर घेतल्याने स्नायू निकामी झालेल्यांचे प्रकार बरेच होते.

फळांत ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात. त्याचा पूर्वज म्हणजे आपलं पपनस, आणि तशीच द्रव्यं त्यातही असतात. गणपतीत दोन-चार फोडी खाल्ल्या म्हणून घाबरू नका, पण अॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन चालू असताना रोज पपनस खाऊ नका. मोसंबी-संत्र्याची काळजी नको. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण नाही.

स्टॅटिनने मधुमेह होतो का?

साखर आधीच सीमेवर असलेल्यांत तो थोडा लवकर दिसू शकतो. अटॅक टळण्याचा फायदा त्याहून बराच मोठा आहे. एलडीएल ३९ने उतरलं की हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. वर्षातून एकदा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) पाहा आणि गोळी चालू ठेवा.

खरंच स्टॅटिन सोसत नसेल तर?

आधी दुसरं स्टॅटिन किंवा कमी डोस, काहींना एक दिवसाआड रोसुव्हास्टॅटिन. मग एझेटिमाइब. ते आतड्यातून होणारं कोलेस्टेरॉलचं शोषण कमी करतं. बेम्पेडोइक अॅसिड यकृतातच सक्रिय होतं, स्नायूंत होत नाही, म्हणून स्नायू दुखणाऱ्यांना बरं पडतं. यूरिक अॅसिडवर मात्र लक्ष ठेवावं लागतं.

आणि इंजेक्शनं. ती जनुकांच्या अभ्यासातूनच जन्मली. २००३ मध्ये फ्रान्समधल्या एफएच असलेल्या काही कुटुंबांत पीसीएसके९ या जनुकाचा दोष सापडला. हे प्रथिन एलडीएल रिसेप्टर नष्ट करतं आणि या कुटुंबांत ते जास्तच जोरात काम करत होतं. मग डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला : कोणात ते जन्मतःच निकामी आहे का? सुमारे २ टक्के आफ्रिकन-अमेरिकन लोकांत तसं निघालं. त्यांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्के कमी. आयुष्यभर एलडीएल कमी राहिलं तर काय होतं याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही. त्यातून पुढे अॅलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब ही औषधं २०१५ मध्ये आली, नंतर वर्षातून दोनदा टोचायचं इन्क्लिसिरन. ती महाग आहेत, म्हणून डॉक्टर आधी गोळ्यांचे पर्याय पुरते वापरून पाहतात.

जनुकच कायमचं दुरुस्त नाही का करता येणार?

प्रयोग सुरू झाले आहेत. २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये एफएच असलेल्या एका रुग्णाच्या यकृतातलं पीसीएसके९ जनुक एकाच सलाइनमधून बंद करण्याचा पहिला प्रयत्न झाला. रोजच्या वापरात हे अजून आलेलं नाही.

दिवस राहायचे असतील तर?

आधीच डॉक्टरांशी बोला. बहुतेकींना गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना स्टॅटिन थांबवायला सांगतात. एफएच दोन्ही प्रतींचं असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

गोळी सुरू होण्याआधीचा लिपिड रिपोर्ट, आत्ताचा रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिपा, आयुर्वेदिक आणि ‘नॅचरल’ म्हणून घेतलेल्या गोळ्यांसकट. रेड यीस्ट राइसच्या कॅप्सुलमध्ये लोव्हास्टॅटिनच असतं, त्यामुळे दोन स्टॅटिनं एकदम पोटात जाऊ शकतात. एका कागदावर घरातल्या कोणाला, कितव्या वर्षी अटॅक, बायपास, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झाला ते लिहा. ‘हार्ट फेल होऊन गेले’ एवढ्यावर सोडू नका, आजीला किंवा मोठ्या आत्याला वय विचारा. त्या कागदाचा फोटो काढून परदेशातल्या मुलाला-मुलीलाही पाठवा, त्यांच्या डॉक्टरांनाही हीच माहिती लागते.